तू घेतलेलं बाबांचं सोंग

आत्या, काल तुझी तेरवी झाली. गेल्या दहा-बारा दिवसांत तू गरीब गाय झाली आहेस, हे तुला कळवायला हवं म्हणून बसले आहे.

भेटायला आलेलं प्रत्येक माणूस हेच सांगून गेलं. "लय गरीब बाई." "कधी मोठ्यानं बोललेली ऐकली नाई." "घरात हाय का नाई, पत्ता लागत नसे." ओसरीवर बसून बाबा आल्या-गेल्याला पुस्तकातल्या मराठीत सांगत होते, "आमच्या आक्कांनी उभ्या आयुष्यात कोणाला दुखावलं नाही." गुरुजी ना ते, पाहुण्यांसमोर असंच बोलतात. मी आत डाळ निवडत होते आणि दात खात होते. माणूस गेलं की लोकांची जीभ गोड होते, तेव्हा तू म्हणायचीस, मेली म्हैस मणभर दूध. तुझ्या बाबतीत तर कमालच झाली. दुधाची म्हैस आधी आटवली, आणि आता ती दावणीला किती शांत उभी राहायची म्हणून कौतुक चाललंय.

तुला या घरानं गप्प केलं, आणि ते कोणी बोलत नाही. म्हणून मी बोलणार आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "जाऊ दे ना माय." नाही जाऊ देणार.

तुझ्या नवऱ्यानं दुसरी केली आणि तुला माहेरी आणून सोडलं, तेव्हा मी जन्मलेही नव्हते. आजी लवकर गेली, म्हणून धाकट्या भावाला तू कडेवर घेऊन वाढवलंस. त्याच भावाच्या घरात मग तू आयुष्यभर पाहुणीसारखी राहिलीस. पाहुणीसारखी म्हणजे जेवायला सगळ्यांच्या शेवटी आणि कामाला सगळ्यांच्या आधी, असली पाहुणी. नदीकाठच्या आपल्या भाजीच्या वाडीत तू दिवस काढायचीस आणि शाळा सुटली की मी तिथं धावत यायचे. आईला वाटायचं, पोरीला आत्याचा लळा. लळा होताच, पण मी यायचे ती तमाशा बघायला.

वांग्यातलं तण निंदता निंदता तू एकदम कमरेवर हात ठेवून उभी राहायचीस, आणि बांधावर तलाठी आलेला असायचा. घडीभरानं तलाठी जायचा आणि आपली काळी शेळी यायची, दुसऱ्याच्या कोथिंबिरीकडं बघत, आपण काही बघतच नाही असं दाखवत. मी हसून हसून मातीत लोळायचे. तू मात्र हसायची नाहीस. सोंग घेताना तुझ्या चेहऱ्यावर एक काळजी असायची, दुसऱ्याचं तान्हं पोर घडीभर मांडीवर घेतल्यावर असते तशी.

चिखलीच्या आठवडी बाजाराला तू मला गाडीत घालून न्यायचीस. वांग्यांच्या टोपल्यांमागं आपण दोघी बसायचो आणि आपला खेळ सुरू व्हायचा. तू म्हणायचीस, "तोंडाकडं नको पाहू. आंधी पाय पाह्य." एकदा एक माणूस नवे जोडे घालून बाजारातून चालला होता. मला त्यात काही दिसेना.

"त्याले वाटून राह्यलं, जोडा त्याचा नाई," तू म्हणालीस. "पाह्य ना, कसा अनवाणी असल्यावानी पाय टाकते."

मग तू उठून टोपल्यांच्या मागं चार पावलं चाललीस. तुझ्या पायांत जोडे नव्हते, पण मला ते दिसले. नवे, करकरणारे, टाचेला लागणारे. शेजारच्या मिरच्यावालीनं विचारलं, "काय झालं व वेणूबाई, काटा मोडला काय?" तू म्हणालीस, "हाव."

आपल्या आळीतली रीत तुला मी काय सांगावी, तू तिची राणी होतीस. पण हे वाचणारं दुसरं कोणी असेल तर त्याला कळावं. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी, जात्यावर हळद दळून झाली की बायका मोठ्या खोलीचं दार आतून लावून घ्यायच्या. बाहेर पुरुष मांडवावर जांभळीचे डहाळे टाकत असायचे, आणि आत बायका सोंगं काढायच्या. कोणी कोळशानं मिशी ओढायची, कोणी नवऱ्याचं धोतर नेसायची. वर्षभर ज्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर हलू द्यायचा नाही ते सासरे, दीर आणि गावचे पाटील एकेक करून त्या खोलीत येऊन जायचे आणि बायका पोट धरून हसायच्या. नियम दोनच होते. सोंग उतरेपर्यंत त्या बाईला तिच्या नावानं हाक मारायची नाही. आणि आत झालेलं बाहेर न्यायचं नाही. सोंगातलं सोंगापाशी.

तू टाकलेली, म्हणून नवरीला हळद लावायला तुला कोणी पुढं बोलावत नसे. सोंगाला मात्र तीन-तीन घरांतून निरोप यायचे. "वेणूबाई हाय ना? तं मंग मजा येईन." हळदीला चालत नव्हतीस, हसवायला चालत होतीस. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आता दिसतं, आणि तोंड कडू होतं.

सुमनताईच्या लग्नात तू बाबांचं सोंग घेतलंस. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंच होतं, बाबा शाळेत पोरांकडून नवा नकाशा काढून घेत असायचे. ताईला पिंपळगाव राजाला दिली होती, वऱ्हाड दुसऱ्या दिवशी सकाळी यायचं होतं. आई कित्येक दिवस चुलीपासून हलली नव्हती. तिचे पाय सुजून जोडव्यांच्या वर फुगले होते. मी ते पाहिलं होतं, कारण तू मला पाय बघायला शिकवलं होतंस. घरातल्या बाकी कोणी पाहिलं की नाही, ठाऊक नाही.

दोन-तीन सोंगं होऊन गेली होती. हशा ओसरत होता. तेवढ्यात दाराबाहेर खोकला ऐकू आला. एकदा, मग थोडं थांबून पुन्हा एकदा. घरात शिरण्याआधी बाबा खोकतात, बायकांनी सावरून बसावं म्हणून. खोलीतल्या सगळ्या बायकांचे हात एकदम पदराकडं गेले.

तू आत आलीस. बाबांचा काळा कोट, काळी टोपी, हातात छत्री. बाबांना मिशी आहे, पण तू मिशी काढली नव्हतीस. तुला तिची गरज नव्हती. कोटाखाली तुझं हिरवं लुगडं स्पष्ट दिसत होतं, कपाळावरचं गोंदण दिसत होतं. आणि तरी मी उठून उभी राहिले. ती तू आहेस हे मला माहीत होतं, पण माझ्या पायांना माहीत नव्हतं. त्या दिवशी मी पाढे म्हटले नव्हते, तेही आठवलं.

तू माझ्याकडं न बघता विचारलंस, "पाढे झाले?"

खोली फुटली. बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. तू टोपी काढलीस, तिच्यात फुंकर मारलीस, ती पुन्हा घातलीस. खुर्ची नसताना खुर्चीवरची धूळ झटकलीस. "कोणी आलं होतं?" म्हणालीस आणि उत्तराची वाट न बघता मान हलवलीस. सगळे बाबा त्यात होते. ताई डोळे पुसत म्हणाली, "बाप्पा, बाप्पा, पुरे!" आई तेवढ्यात दळलेल्या हळदीची परात घेऊन आली होती आणि दाराजवळ उभ्यानं हसत होती. आईला तसं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मग तू छत्री टांगायला भिंतीकडं वळलीस. ओसरीवरची छत्रीची खुंटी वाकडी आहे, छत्रीची मूठ पहिल्यांदा निसटते, बाबांना दोनदा टांगावी लागते. त्या खोलीत खुंटी नव्हती, नुसती भिंत होती. तरी तू दोनदा टांगलीस. आणि दुसऱ्यांदा टांगता टांगता, आमच्याकडं पाठ करून, त्याच कोरड्या आवाजात म्हणालीस,

"दमली असशीन. बस घडीभर."

एकदोघी सवयीनं हसल्या आणि मधेच थांबल्या. आवाज बाबांचा होता आणि बोलणं बाबांचं नव्हतं. पण बाबा जर कधी बोलले असते तर ते असंच बोलले असते, भिंतीकडं तोंड करून, छत्रीच्या आडून. तू त्यांना दुसरा माणूस केलं नाहीस. ते जसे होते तसेच ठेवून त्यांच्या तोंडून ते काढलंस.

आणि आई बसली. होती तिथंच, उंबऱ्याशी, हळदीची परात मांडीवर घेऊन ती खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. मग ताई रडली, मग एकेक करून सगळ्याच.

मला काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. मागच्या दारानं मी गोठ्यात पळाले आणि कडब्याच्या पेंढीत तोंड खुपसलं. वैशाखाच्या उन्हात माझे दात वाजत होते. कॉलेजात आमचे सर नाटकावर छान बोलायचे. म्हणायचे की रंगमंचावरचं खोटं आहे हे प्रेक्षकाला पक्कं माहीत असतं आणि तरीही तो रडतो, हे कोडं आहे. मी ते वहीत उतरून घेतलं, पण मला ते कोडं कधी वाटलं नाही. माझ्या कानांनी बाबांचा आवाज ऐकला होता. तो आवाज आईला बस म्हणाला होता. तेवढा वेळ मला तसा बाप होता. मग छत्री टांगून झाली, तू आमच्याकडं वळलीस, आणि तू आत्या होतीस. त्या पोरीनं गोठ्यात जाऊन रडू नये तर काय करावं?

पुढचं तुला माहीत आहे, पण मला ते पुन्हा लिहायचं आहे. लग्नघरात रडारड म्हणजे अवलक्षण. ज्या बायका तोंडात पदर घालून रडल्या त्याच डोळे कोरडे झाल्यावर कुजबुजल्या, "टाकलेल्या बाईले पुढं करू नाई ते याच्यासाठी." ताई सासरी गेली, मांडव उतरला, पाहुणे पांगले. मग बाबांनी तुला ओसरीवर बोलावलं. मी दाराआड होते. त्या वेळी बाबा पुस्तकातलं मराठी बोलले नाहीत.

"आक्का, माह्या घरात राह्याचं तं माणसावानी राह्य. ही सोंगं-ढोंगं बंद. मी काय मेलो काय, माह्यं सोंग काढाले?"

तू म्हणालीस, "बरं बापू."

एवढंच. मला वाटलं होतं की तू काहीतरी म्हणशील. ज्याला तू बोट धरून चालायला शिकवलंस त्याची चाल तुझ्या पायांत आली तर त्यात ढोंग काय? हे तूच मला एकदा सांगितलं होतंस, "त्याले चालाले मीच शिकोलं, मले नाई येईन त्याची चाल?" ते तू बाबांना सांगायला हवं होतंस. तू "बरं" म्हणालीस आणि उठून गाईला पाणी दाखवायला गेलीस.

आणि नंतर तू जे केलंस त्याचा मला बाबांपेक्षाही जास्त राग आहे. बाबांनी सोंग बंद करायला सांगितलं होतं, तू बघणंच बंद केलंस. वाडीत तलाठी येईना झाला, शेळीही येईना. बाजारात मी म्हणायचे, "आत्या, त्या माणसाचे पाय बघ," तर तू वांगी पुसत बसायचीस. तुझा आवाज बसत बसत इतका खाली गेला की शेजारणीला तू घरात आहेस की नाही ते कळेना. म्हणून ती परवा तसं म्हणाली. खोटं नाही बोलली ती.

बाबांपर्यंत हे नेलं कोणी, याचा मी फार विचार करायचे. खोलीत पंधरा-वीस बायका होत्या. शेजारच्या पारूकाकूवर माझा संशय होता, कारण तिच्या पोटात काही राहत नाही. मी कित्येकदा तुला विचारलं. तू म्हणायचीस, "सोंगातलं सोंगापाशी." एकदा फार छळलं तेव्हा म्हणालीस, "आपलेच दात, आपलेच ओठ. सांगून काय करशीन?" मला वाटलं, तू बाबांबद्दल बोलते आहेस.

गेल्या दिवाळीचं आपलं भांडण अर्धवट राहिलं. अमरावतीच्या कॉलेजात मी गॅदरिंगच्या नाटकात आईचं काम केलं होतं आणि माझ्या डोळ्यांत खरं पाणी आलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, सरांनी पाठ थोपटली. मला मात्र काही खरं वाटलं नाही. ते पाणी त्या आईचं नव्हतं, माझंच होतं. मी किती छान रडते आहे, या विचारानं ते आलं होतं. तुझे डोळे त्या दिवशी कोरडे होते आणि आख्खी खोली रडली होती. हे तुला सांगायला मी वाडीत आले. तू मेथी खुडत होतीस.

सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "बरं झालं. टाळ्या वाजवल्या ना?"

मग मी चिडले. "तू का सोडलंस?"

"बापूनं नको म्हणलं."

"बाबा नको म्हणाले की श्वास घेणंही सोडशील?"

"तू रागानं बोलून राह्यली."

"हो, रागानंच बोलते आहे. इतकं येत होतं तुला. आणि एका 'बरं बापू'मध्ये सगळं मातीत घातलंस. भित्री आहेस तू."

तू मेथीची जुडी बांधलीस, दुसरी घेतलीस. मग तू म्हणालीस, "हे पाह्य. सोंग घ्याले आपलं सोताचं घर लागते. सोंग उतरलं की बाया आपापल्या घरी जातात. मी टोपी उतरवली तं बापूच्याच घरात उभी. मी कुठी जाऊ?"

त्यावर मी आणखी मोठ्यानं बोलत राहिले. स्वाभिमान, कला, काय काय बोलले. तू ऐकत होतीस. दोनदा जुडी सुटली आणि तू दोनदा बांधलीस.

दुसऱ्या दिवशी मला बसमध्ये बसवायला तू चिखलीपर्यंत आलीस. शेंगांचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलंस. मी अजून फुगलेलीच होते, खिडकीतून दुसरीकडं बघत होते. गाडी सुरू झाली आणि मी वळून पाहिलं, तर फलाटावर मी उभी होते. हनुवटी वर, ओठ आवळलेले, एक हात नसलेल्या पर्सच्या पट्ट्यावर. इतक्या वर्षांनी तू सोंग घेतलं होतंस, आणि ते माझं. कंडक्टरलाही कळलं नसेल, इतकं थोडं. मला मात्र दिसलं की त्या पोरीची हनुवटी वर आहे आणि टाचा मागं सरकलेल्या आहेत. ती पोर चिडलेली नव्हती. भ्यालेली होती. आपण या आत्यासारखे होऊ की काय, याला भ्यालेली.

मी हसले. तूही हसलीस, मोठ्यानं, स्टँडवरची माणसं वळली. गाडी वळणावर गेली. मला तुला विचारायचं होतं की माझ्या टाचा तुला कधी दिसल्या. पुढच्या सुट्टीत विचारू म्हटलं. पुढच्या खेपेला मी पोचले तेव्हा तुला नेलं होतं.

आता आईचं ऐक. सुतकात आम्ही दोघी मागच्या पडवीत बसलो होतो. मी पारूकाकूबद्दल काहीतरी कडू बोलले, भेटायला येऊन ती किती रडली आणि हिनंच आग लावली, असं. आई म्हणाली, "पारूले नको बोलू. मीच सांगतलं."

मला आधी कळलंच नाही.

"मीच सांगतलं तुया बाबाले. सुमनचं लगन झालं त्याच राती." आई सुपाकडं बघत बोलत होती. "मले वाटलं, आयकतीन तं एखाद्या डाव सोताहून म्हणतीन. आक्कानं म्हणलं तं इतकं बरं वाटलं, त्यायनं म्हणलं तं कितीक वाटीन. मी हासत हासत सांगतलं. त्यायनं सगळं आयकलं. मंग इचारलं, बाया हासल्या? मी म्हणलं, आंधी हासल्या, मंग रडल्या. तं म्हणे, म्हंजे मी राक्षस हाव काय?"

"आणि आत्याला माहीत होतं?"

"दुसऱ्या दिशी मीच पाय धराले गेली व्हती. आक्का मले म्हणे, अनसे, मिशी काढली नव्हती ना मी, मंग पुसू काय? झालं ते झालं. सोंगातलं सोंगापाशी. आन् हासली."

त्या दिवशी मी आईशी पुन्हा बोलले नाही. आणि तुझ्याशीही भांडतेच आहे, आत्या. हा तुझा मोठेपणा मला पटत नाही. आईला बाबांची एक गोड गोष्ट हवी होती, म्हणून तिनं तुझी गोष्ट त्यांच्या हातात दिली. तू ते हसून सोडून दिलंस. बाबा शहाणे आहेत, त्यांना नेमकं कळलं. टोपीतली फुंकर त्यांना लागली नसती. लागली ती माया. तुम्ही तिघंही आपापल्या जागी समजूतदार, आणि त्यात जीव गेला तो तुझ्या आवाजाचा. मला तुमच्यापैकी कोणालाच माफ करायचं नाही.

तरी तुझं एक माझ्याकडं राहिलंय. भेटायला आलेल्या लोकांच्या तोंडाकडं मी पाहिलं नाही, पायांकडं पाहिलं. पारूकाकूचे पाय खरे रडत होते. आणि ओसरीवर बाबा पुस्तकातलं बोलत असताना त्यांच्या पायांची बोटं आत वळलेली होती, पाढे न झालेल्या पोराची वळतात तशी. मला वाटलं, या माणसाला काहीतरी म्हणायचं आहे.

काल पंगती उठत आल्या होत्या. मागच्या अंगणात आई शेवटच्या पंगतीचे वडे तळत होती. सकाळपासून ती त्या चुलीपाशीच. पाय पुन्हा सुजलेले. मी पत्रावळी उचलत होते. बाबा घरातून आले. खोकले नाहीत. सरळ येऊन चुलीच्या पलीकडं, आईच्या समोर उभे राहिले, हात दोन्ही बाजूंना सोडून. आईकडं थेट बघत म्हणाले,

"दमली असशीन. बस घडीभर."

तेच शब्द. एक इकडचा तिकडं नाही. म्हणजे पाठ होतं, आत्या. इतकी वर्षं त्यांना पाठ होतं. तू जिवंत होतीस तोवर ते त्यांच्या तोंडातून निघालं नाही.

मी पत्रावळी हातात घेऊन थांबले. वाट पाहिली. त्या दुपारसारखं रडू येईल असं वाटलं. आवाज खुद्द बाबांचा होता. काही आलं नाही. कोणीतरी बाबांचं सोंग घेतलंय आणि ते साधलं नाही, असंच वाटत राहिलं.

आईनं झाऱ्यानं वडा उलटवला. वर पाहिलं नाही.

"आक्कानं छत्री टांगता टांगता म्हणलं व्हतं," ती म्हणाली. मग दुसरा वडा तेलात सोडत, "सरका, तेल उडते."

बाबा सरकले. मग आत गेले. आई बसली नाही.